चोरी एप्रिलमधली, चूक मे महिन्यातली: प्लेस्टेशन नेटवर्कचं २०११ चं प्रकरण

१९ एप्रिल २०११, मंगळवार. कॅलिफोर्नियात दुपारचे सव्वाचार वाजले होते, आपल्याकडे बुधवारची पहाट होती. सॅन दिएगोच्या डेटा सेंटरमधले सोनीचे काही सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. त्या वेळी रीबूट करायचं कुणी ठरवलेलं नव्हतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, उघडून पाहिले आणि संध्याकाळी चार सर्व्हर बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी आणखी सहा सर्व्हर संशयाच्या यादीत आले. कुणीतरी आत शिरून माहिती बाहेर नेल्याच्या खुणा दिसत होत्या, पण काय नेलं ते कळत नव्हतं. त्याच दिवशी, २० एप्रिलला, सोनीने प्लेस्टेशन नेटवर्क, म्हणजे आपल्या गेम कन्सोलची ऑनलाइन सेवा, जगभर बंद केलं.

हे तपशील काझुओ हिराई यांच्या पत्रातले आहेत. ते तेव्हा सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटचे प्रमुख होते आणि हे पत्र त्यांनी ३ मे रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीला पाठवलं. कंपनीने स्वतःबद्दल दिलेली ही जबानी आहे, तेव्हा ती थोडा हात राखूनच वाचायची. पण त्यात तारीखवार घटनाक्रम आहे आणि त्यामुळे हे प्रकरण आजही नीट उलगडून पाहता येतं.

त्याबद्दल बोलताना लोक साधारण दोन गोष्टींवर थांबतात: माहिती चोरीला गेलेली ७ कोटी ७० लाख खाती आणि ग्राहकांना ते सांगायला लागलेले सहा दिवस. दोन्ही गोष्टी मोठ्याच आहेत. मला मात्र सगळ्यात बोलका वाटतो तो मे महिन्यातला एक छोटा प्रसंग. सेवा परत सुरू झाल्यावर चार दिवसांनी तो घडला आणि आठवड्याभरात विसरलाही गेला. तिथे यायला आधी एप्रिल नीट पाहावा लागेल.

आधीची धुसफूस

प्लेस्टेशन नेटवर्क, म्हणजे पीएसएन, नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बरोबर सुरू झालं. ऑनलाइन खेळणं, मित्रांशी बोलणं, गेम विकत घेऊन डाउनलोड करणं हे सगळं एकाच खात्यावर चालायचं. खातं उघडताना नाव, पत्ता, ईमेल आणि जन्मतारीख द्यावी लागे. खरेदी करायची तर बरेच जण कार्ड जोडून ठेवत. क्यूरिऑसिटी ही सोनीची गाणी-चित्रपटांची सेवाही याच खात्यांवर उभी होती.

२०१० च्या १ एप्रिलला सोनीने एका अपडेटमधून पीएस३ वर, म्हणजे प्लेस्टेशन ३ वर, लिनक्स ही संगणकप्रणाली चालवण्याची सोय काढून टाकली. विकताना दिलेली सोय नंतर काढून घेतली म्हणून जाणकार मंडळी भडकली. त्या वर्षअखेरीला बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या हॅकरांच्या गटाने पीएस३ च्या सुरक्षेतलं भगदाड दाखवलं. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने कन्सोलची मूळ किल्लीच जाहीर केली. सोनीने त्याच्यावर खटला भरला. ११ एप्रिलला तडजोड जाहीर झाली, पण तोवर अनॉनिमस या हॅकरांच्या मोकळ्याढाकळ्या गटाने सोनीविरुद्ध मोहीम उघडली होती आणि संकेतस्थळांवर विनंत्यांचा पूर सोडून ती बंद पाडायला सुरुवात केली होती.

ही पार्श्वभूमी सांगताना एक सावधगिरी बाळगायला हवी. तिच्यामुळे वातावरण तापलं होतं हे खरं, पण एप्रिलची चोरी याच मंडळींनी केली असं सिद्ध झालेलं नाही. आपल्या पत्रात हिराई यांनी एवढंच म्हटलं की सुरक्षा पथकं त्या विनंत्यांच्या पुराशी झुंजत असल्यामुळे आतली घुसखोरी लवकर लक्षात येणं अवघड गेलं असावं. मला हे पटण्यासारखं वाटतं. मात्र पुढच्या दारावर दंगा चालला असताना मागच्या दारावर पहारा ठेवायचा हा काही २०११ मध्ये लागलेला शोध नव्हता.

आत कसे शिरले

१ मे रोजी टोकियोत पत्रकार परिषद झाली. हिराई आणि आणखी दोन अधिकारी टेबलामागे उभे राहिले आणि कमरेतून वाकून त्यांनी माफी मागितली. तो फोटो जगभर छापला गेला. त्या धांदलीत मुख्य माहिती अधिकारी शिंजी हासेजिमा जे बोलले त्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं.

त्यांनी सांगितलेली रचना अशी होती. बाहेर वेब सर्व्हर, त्याच्या मागे अॅप्लिकेशन सर्व्हर आणि सगळ्यात आत डेटाबेस, आणि मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत. हल्लेखोराने पाठवलेली विनंती दिसायला नेहमीच्या खरेदीसारखी होती, म्हणून बाहेरच्या थराने ती अडवली नाही. लग्नाच्या मांडवात मुलीकडच्यांना वाटतं हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि गडी पंगतीत बसून जेवून जातो, तसं झालं. आत अॅप्लिकेशन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कच्चा दुवा होता. त्यातून शिरून हल्लेखोराने आपली साधनं तिथे बसवली आणि डेटाबेसपर्यंत हात पोचवला.

पुढचं वाक्य जास्त जड होतं. हा कच्चा दुवा जगाला माहीत असलेला होता, पण आमच्या व्यवस्थापनाला त्याची कल्पना नव्हती, अशी कबुली हासेजिमांनी दिली. म्हणजे कुणी अज्ञात, अद्भुत शस्त्र वापरलं नव्हतं. दोन दिवसांनी काँग्रेसला गेलेल्या पत्रात मात्र हल्ला ‘अत्यंत कुशल’ आणि काळजीपूर्वक आखलेला असल्याचं वर्णन आहे. आत शिरल्यावर लॉग पुसून माग लपवण्याचं कसब हल्लेखोरांकडे होतं, हे त्या पत्रावरून दिसतं. पण दारच जुन्या कुलपाचं असेल, तर चोराच्या कौशल्याचं कौतुक मालकाने करण्यात फारसा अर्थ नाही.

काँग्रेसच्या त्याच उपसमितीपुढे ४ मेला झालेल्या सुनावणीत पर्ड्यू विद्यापीठाचे युजीन स्पॅफर्ड यांनी साक्ष दिली की सोनीचे सर्व्हर अपाची या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर आणि फायरवॉलशिवाय चालत असल्याचं सुरक्षा-जाणकारांत आधीपासून बोललं जात होतं. सोनीने ते फेटाळलं. आमचे सर्व्हर अद्ययावत होते, फायरवॉलही होत्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. स्पॅफर्ड यांची माहिती ऐकीव होती, त्यामुळे तेव्हा कुणाचं खरं मानायचं हा प्रश्नच होता. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने आपला निष्कर्ष दिला: सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं असतं तर हा हल्ला टाळता आला असता.

सहा दिवस

२० एप्रिलला सेवा बंद पडली तेव्हा खेळाडूंच्या टीव्हीवर ‘८०७१०ए०६’ हा कोड आणि साइन आउट झाल्याची सूचना येऊ लागली. सर्व्हर डाऊन असेल, होईल थोड्या वेळात सुरू, असं सगळ्यांनी धरून चाललं. सोनीचं पहिलं निवेदनही तशाच सुराचं होतं: काही सुविधा बंद आहेत, आम्हाला कल्पना आहे. २१ तारखेला कंपनीने पूर्ण एक-दोन दिवस लागतील असं सांगितलं. बाहेरून घुसखोरी झाली म्हणून आम्हीच सेवा बंद ठेवली, हे २२ तारखेला आलं. त्याच दिवशी एफबीआयला माहिती दिली गेली. ग्राहकांची माहिती गेली हे जाहीर झालं २६ एप्रिलला.

पडद्याआड काय चाललं होतं तेही पत्रात आहे. २० तारखेला एक सुरक्षा कंपनी नेमली, २१ ला दुसरी. दहापैकी नऊ सर्व्हरच्या हुबेहूब प्रती काढायला २२ ची संध्याकाळ झाली, कारण मूळ सर्व्हरवर तपास केला तर पुरावाच बिघडतो. २४ ला, ईस्टरच्या रविवारी, तिसरी कंपनी बोलावली. २५ ला कोणती माहिती गेली ते बऱ्याच अंशी स्पष्ट झालं. कार्डांचे आकडे गेले की नाही हे तेव्हाही ठामपणे सांगता येत नव्हतं.

या सहा दिवसांबद्दल सोनीला सरसकट झोडपणं मला न्याय्य वाटत नाही. एकशेतीसच्या आसपास सर्व्हर असलेली, जगभर पैसा कमावणारी सेवा संशय आल्यावर चोवीस तासांत पूर्ण बंद करणं ही सोपी गोष्ट नव्हती. तोटा डोळ्यांसमोर असताना त्यांनी ती केली. चुकलं ते त्यानंतरच्या बोलण्यात. अर्धवट माहिती दिली तर ग्राहकांचा गोंधळ उडेल आणि ते विनाकारण धावपळ करतील, असा हिराई यांचा युक्तिवाद होता. पण ग्राहकाने करायची धावपळ अगदी साधी होती: हाच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथला बदला, बँकेच्या स्टेटमेंटवर नजर ठेवा. एवढं सांगायला संपूर्ण तपासाची गरज नव्हती. ‘माहिती गेली असण्याची शक्यता आहे’ हे वाक्य २२ तारखेलाच लिहिता आलं असतं. सिनेटर रिचर्ड ब्लुमेंथल यांनी २६ तारखेच्या पत्रात नेमका हाच जाब विचारला.

काय गेलं

नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, लॉगिन, पासवर्ड आणि ऑनलाइन ओळखनाव, एवढं ७ कोटी ७० लाख खात्यांचं. शिवाय खरेदीचा इतिहास, बिलाचा पत्ता आणि पासवर्ड विसरल्यावर विचारायच्या प्रश्नांची उत्तरं गेली असण्याची शक्यता होती. पालकांनी मुलांसाठी जोडखातं उघडलं असेल, तर मुलांचीही तीच माहिती गेली असू शकते असं २६ एप्रिलच्या सूचनेत होतं. या शेवटच्या ओळीकडे मी नंतर परत येणार आहे.

बातम्यांचा सगळा भर कार्डांवर होता. १ कोटी २३ लाख खात्यांना कार्ड जोडलेलं होतं, त्यातली ५६ लाखांच्या आसपास अमेरिकेतली. कार्डांचा तक्ता कूटबद्ध होता आणि कार्डामागचा तीन अंकी क्रमांक सोनी साठवतच नव्हती. कार्ड कंपन्यांनी या चोरीमुळे फसवणूक वाढल्याचं कळवलेलं नाही, असंही हिराई यांनी लिहिलं.

पासवर्डांवरून वेगळाच गोंधळ झाला. आधी बातमी पसरली की ते उघडेच साठवले होते. २ मे रोजी सोनीने खुलासा केला की ते हॅश केलेले होते. हॅश केलेल्या पासवर्डावरून मूळ पासवर्ड थेट परत काढता येत नाही. पण चोर लाखो संभाव्य पासवर्डांचे हॅश स्वतः तयार करतो आणि चोरलेल्या यादीशी जुळवून पाहतो. हॅश करायची पद्धत जितकी जुनी आणि वेगवान, तितकं त्याचं काम झटपट होतं. ब्रिटिश आयुक्तांनीही पुढे हेच नोंदवलं: तंत्रज्ञान इतकं पुढे गेलं होतं की साठवलेले पासवर्ड सुरक्षित राहिले नव्हते.

आता या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहा. कार्ड गेलं तर बँकेला फोन करून नवं मागवता येतं. पासवर्ड पाच मिनिटांत बदलतो. जन्मतारीख कुठून बदलणार? आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, जन्मगाव या गोष्टी माणसाला एकदाच मिळतात. ज्या गोष्टी बदलता येत होत्या त्यांच्यावरच सगळ्यांनी आरडाओरड केली, आणि ज्या कायमच्या गेल्या त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गंमत म्हणजे त्या काळात अमेरिकी स्टोअरमधल्या गोष्टी मिळाव्यात म्हणून खोटा अमेरिकी पत्ता टाकून खातं उघडणारे भारतात पुष्कळ जण होते, आणि जन्मवर्षाच्या यादीत बोट जाईल तिथलं वर्ष निवडणारेही. नियम मोडणाऱ्या या मंडळींचं नुकसान सगळ्यात कमी झालं असणार.

दरम्यान २ मे रोजी दुसरा धक्का आला. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या संगणकावरच्या ऑनलाइन गेमच्या शाखेतूनही २ कोटी ४६ लाख खात्यांची माहिती गेल्याचं उघड झालं. त्यात २००७ सालचा एक जुना, वापरात नसलेला डेटाबेस होता. त्यातून अमेरिकेबाहेरच्या सुमारे १२,७०० कार्डांचे क्रमांक आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स, स्पेनमधल्या सुमारे १०,७०० ग्राहकांच्या बँक खात्यांच्या नोंदी गेल्या. चार वर्षं कुणाच्या उपयोगाचा नसलेला डेटा पडून होता आणि तो चोराच्या उपयोगी पडला. तिथल्या एका सर्व्हरवर ‘अनॉनिमस’ नावाची फाइल सापडली, आत त्या गटाच्या घोषवाक्याचा तुकडा होता. गटाने चोरीत हात असल्याचं नाकारलं. अशी फाइल कुणीही ठेवू शकतो.

मे महिना

१४ मेच्या संध्याकाळी अमेरिकेत सेवा टप्प्याटप्प्याने परत सुरू झाली, पाठोपाठ युरोपात. साडेतीन आठवडे गेले होते. मधल्या काळात ऑनलाइन खेळणारे तर अडकलेच, पण काही डाउनलोड केलेले गेमही उघडेनात, कारण नक्कल रोखण्यासाठी ते प्रत्येक वेळी पीएसएनला विचारून मगच सुरू होत. एकट्याने खेळायचा, पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीचा सर्व्हर बंद म्हणून बंद! या मुद्द्यावर तेव्हा व्हायला हवा होता तितका वाद झाला नाही.

परत येताना सोनीने एक अट घातली होती आणि ती योग्य होती: नवं अपडेट घ्या आणि पासवर्ड बदला. बदल करायचा तो स्वतःच्या पीएस३ वरून, नाहीतर ईमेलवर आलेल्या दुव्यावरून.

१८ मे रोजी कळलं की संकेतस्थळावरून पासवर्ड बदलण्याच्या पानात त्रुटी आहे. दुसऱ्याचा ईमेल आणि जन्मतारीख माहीत असली की त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलता येत होता. ईमेलमधल्या दुव्यावर मालकाने टिचकी मारण्याची पायरी चुकवता येत होती. सोनीने पान लगेच बंद केलं, यूआरएलशी, म्हणजे पानाच्या पत्त्याशी, संबंधित एक त्रुटी होती आणि ती दुरुस्त केली असं सांगितलं. ही काही घुसखोरी नव्हती, असंही बजावलं. कन्सोलवरून पासवर्ड बदलणं चालूच होतं.

तांत्रिकदृष्ट्या हा प्रकार किरकोळ म्हणता येईल. पण ईमेल आणि जन्मतारीख या जोडीकडे पाहा. सात कोटींहून जास्त लोकांची नेमकी हीच जोडी महिन्याभरापूर्वी चोरीला गेली होती. ती गेल्याचं खुद्द सोनीनेच सांगितलं होतं. नवं डेटा सेंटर, नव्या फायरवॉल, घुसखोरी टिपणारी नवी सॉफ्टवेअरं, सुरक्षेसाठी वेगळा वरिष्ठ अधिकारी, एवढी तयारी झाली. आणि खात्याचा मालक तूच का, हे ठरवायला विचारलं काय, तर जे आता चोराच्या खिशात होतं ते. ईमेलचा दुवा ही शेवटची पायरी गळली तेव्हा मागे काहीच उरलं नाही, कारण आधीच्या दोन पायऱ्यांची किंमत १९ एप्रिललाच शून्य झाली होती.

माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक ही आहे. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, राहून जाणं हा ढिसाळपणा, आणि तो सगळीकडे असतो. पण चोरी झाल्यावर स्वतःच्या व्यवस्थेत ‘ही माहिती यापुढे पुरावा म्हणून चालणार नाही’ अशी खूण करायला हवी होती. कुणी ती केलेली दिसत नाही. मदतीच्या फोनवर, पासवर्ड विसरल्याच्या पानावर, बिलाच्या तक्रारीत, जिथे जिथे जन्मतारीख विचारून माणूस ओळखला जातो तिथे तिथे हाच प्रश्न येतो. आपल्याकडच्या बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या फोनवर आजही नाव आणि जन्मतारीख विचारली जातेच.

ऑक्टोबर २०११ मध्ये याच गोष्टीची उलटी बाजू दिसली. दुसरीकडून मिळवलेल्या नाव-पासवर्डांच्या मोठ्या याद्या घेऊन कुणीतरी सोनीच्या सेवांवर लॉगिन करून पाहिलं. बहुतेक प्रयत्न फसले, पण सुमारे ९३,००० खात्यांची जोडी जुळली आणि सोनीने ती खाती गोठवली. एका ठिकाणची गळती दुसऱ्या ठिकाणी किल्ली बनते, याचा अनुभव सोनीने दोन्ही बाजूंनी घेतला. पीएसएनवर फोनवरच्या कोडची दुहेरी पडताळणी मात्र ऑगस्ट २०१६ मध्ये आली. पाच वर्षं का लागली हे मला आजही समजत नाही.

पैसे आणि न्याय

२३ मे रोजी सोनीने खर्चाचा अंदाज दिला: १,४०० कोटी येन, त्या वेळच्या दराने सुमारे १७ कोटी डॉलर. ग्राहकांना ठरावीक यादीतले दोन गेम आणि प्लस या सशुल्क सदस्यत्वाचे तीस दिवस मिळाले. अमेरिकेतल्या ग्राहकांना ओळखचोरीविरुद्ध दहा लाख डॉलरपर्यंतचं विमा संरक्षण वर्षभर देऊ केलं. जपानमध्ये सरकारचं समाधान होईपर्यंत सेवा अडून राहिली, पूर्ण सेवा जुलै उजाडल्यावर आली.

ब्रिटनच्या आयुक्तांनी युरोपीय शाखेला अडीच लाख पौंड दंड केला. सोनीने आधी अपील केलं, मग जुलै २०१३ मध्ये मागे घेतलं. निकाल मान्य नाही, पण लढायचं तर आमच्या सुरक्षेचे तपशील उघड करावे लागतील, असं कारण दिलं. अमेरिकेत ग्राहकांचे दावे सॅन दिएगोच्या संघीय न्यायालयात एकत्र झाले. २०१४ मध्ये तडजोड झाली, किंमत दीड कोटी डॉलरपर्यंत, पण त्यातला बराच भाग पुन्हा गेम आणि सदस्यत्व याच स्वरूपात होता. ओळखचोरीमुळे नुकसान झाल्याचं सिद्ध करणाऱ्याला अडीच हजार डॉलरपर्यंत मिळू शकत होते. आपली जन्मतारीख नेमकी याच चोरीतून फुटली हे सिद्ध कसं करायचं, याचं उत्तर तडजोडीत असणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबर २०११ मध्ये सोनीने वापराच्या अटी बदलल्या आणि ग्राहकांनी एकत्र येऊन सामूहिक दावा न करण्याचं कलम घातलं. सगळ्या प्रकरणातली सर्वांत चपळ दुरुस्ती बहुधा हीच. हिराई पुढच्या एप्रिलमध्ये सोनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

आपल्याकडे

भारतातला प्लेस्टेशनचा कारभार तेव्हा युरोपीय शाखेच्या छत्राखाली होता, आणि भारतीय खातीही त्या जगभरच्या आकड्यात होती. योगायोग असा की चोरीच्या जेमतेम आठवडाभर आधी, ११ एप्रिल २०११ ला, भारत सरकारने संवेदनशील वैयक्तिक माहितीचे नियम अधिसूचित केले होते. पासवर्ड आणि कार्डाची माहिती त्यांत संवेदनशील ठरली. जन्मतारीख आणि पत्ता त्या यादीत नव्हते. माहिती फुटली तर ग्राहकाला कळवा, अशी सक्तीही त्या नियमांत नव्हती.

कार्डांची बाजू पुढे आपल्याकडे चांगलीच घट्ट झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा अॅपला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे क्रमांकाऐवजी चालणारा संकेत, ठेवावं लागतं. ते टोकन त्या कार्डापुरतं आणि त्या दुकानापुरतंच चालतं, चोरून दुसरीकडे वापरता येत नाही. २०११ चा तो कार्डांचा तक्ता आज भारतात तशा रूपात असूच शकत नाही.

माणसाच्या ओळखीचं मात्र उलट चाललं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनुसार माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. ही कलमं लागू होण्यासाठी नियम आल्यापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. सोनीचे सहा दिवस त्यांत बसले नसते. पण याच कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळलेली संमती मागितली आहे. गेमिंग सेवांचा मोठा ग्राहकवर्ग याच वयाचा. म्हणजे मुलाचं वय, पालकाची ओळख आणि दोघांचं नातं, तिन्ही गोष्टी गेमच्या खात्याशी जोडल्या जाणार, पीएसएनच्या त्या जोडखात्यांसारख्याच.

नियमांनी दोन वाटा ठेवल्या आहेत. पालकाची ओळख आणि वय यांचे तपशील सेवेने स्वतः घेऊन ठेवायचे, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत यंत्रणेकडून त्या तपशिलांशी जोडलेलं आभासी टोकन घ्यायचं. दुसऱ्या वाटेने गेलं तर डेटाबेसमध्ये जन्मतारीख ठेवायची गरजच उरत नाही. पहिली वाट कंपन्यांना सवयीची आहे, आणि जाहिरात विभागाला ती माहिती हवीही असते. नियमांनी यातली कुठलीच वाट सक्तीची केलेली नाही.